खाणी बिहारच्या, कारखाने दुसरीकडे

जमिनीत लोखंड आणि कोळसा असला की राज्य श्रीमंत होणारच, असे आपल्याला वाटते. पण मित्रांनो, अविभाजित बिहारचा अनुभव वेगळा आहे.

1907 साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि पुढे जमशेदपूर हे पोलादाचे शहर बनले. खाणी जवळ असल्यामुळे पोलाद तिथे स्वस्त पडणार आणि यंत्रांचे कारखानेही तिथेच उभे राहणार, हे साहजिक होते. मात्र 1950 च्या दशकात केंद्र सरकारने मालवाहतूक भाडे समानीकरणाचे धोरण आणले. रेल्वेभाड्याची सरासरी काढून ती सर्वांच्या किमतीत धरली जाऊ लागली. पोलाद जमशेदपूरजवळ घ्या किंवा मुंबईत, भाव जवळपास एकच! मग बंदर आणि बाजारपेठ सोडून उद्योजक बिहारला कशाला जाईल?

उद्योग देशभर पसरावेत, हा हेतू चांगला होता. त्याचा लाभ महाराष्ट्रालाही झाला. पण कापसाला हा नियम नव्हता. तो बिहारला आणायचा तर पूर्ण भाडे पडे.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे धोरण संपले. तोवर कारखाने, रोजगार आणि त्यांतून मिळणारा कर दुसऱ्या राज्यांत स्थिरावला होता. रोजगारासाठी गाव सोडणाऱ्या बिहारी तरुणाला महानगरात पगार जास्त मिळतो, पण त्यातला मोठा वाटा खोलीभाडे आणि खाणावळीत जातो. उरेल तेवढेच घरी पोहोचते.

म्हणून कोणत्याही राज्याला 'मागासलेले' म्हणण्यापूर्वी तिथे कोणते नियम लागू होते, हे आधी पाहावे.