कॅलॅमाइट्स
कॅलॅमाइट्स ही अश्वपुच्छ (एक्विसीटम) या वनस्पतीच्या गणातील, आता निर्वंश झालेल्या वृक्षांची प्रजाती आहे. सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बॉनिफेरस कल्पात यूरोप व उत्तर अमेरिकेतील ज्या दलदलींतून दगडी कोळसा बनला, तेथे नदीच्या व तळ्याच्या काठी हे वृक्ष वाढत. काहींची उंची ३० मीटरपर्यंत जात असे.

खोडास बांबूप्रमाणे पेरी असत व पेऱ्यांवर पानांची मंडले येत. बांबूशी मात्र त्यांचे नाते नाही. त्यांना फुले व बिया नसून बीजुके असत. खोडातील ऊतककरामुळे काष्ठ वाढे. आजच्या अश्वपुच्छात तो नसल्याने ती ओषधीच राहते. जमिनीखालील मूलक्षोडापासून नवी खोडे फुटत, त्यामुळे पुराच्या गाळात गाडलेले झाड पुन्हा वर येई.

संग्रहालयांत मांडलेले, उभ्या रेघांचे दगडी ‘खोड’ बहुधा खोड नसतेच. भेंडाच्या जागी असलेल्या पोकळीत गाळ भरून त्याचा दगड होई. भोवतीचे काष्ठ कुजून जाई किंवा त्याचा कोळशाचा पातळ थर उरे. म्हणून मूळ खोड जीवाश्मापेक्षा जाड समजावे. अवयव सुटे सापडल्याने पानांना ॲन्युलॅरिया व ॲस्टरोफायलाइटिस, तर शंकूंना कॅलॅमोस्टॅकिस अशी निराळी नावे मिळाली व ती अद्याप रूढ आहेत.

चंद्रपूरचा कोळसा या वृक्षांचा नव्हे. तो नंतरच्या पर्मियन कल्पातील असून त्या काळच्या गोंडवनी अरण्यांत ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतींचे प्राबल्य होते. अश्वपुच्छांचे आप्त तेथेही होते, पण लहान चणीचे.