घरी नेऊ का, डॉक्टर?

पेण-रोह्याकडचा वयस्क रुग्ण मुंबईत किंवा कामोठ्याला अतिदक्षता विभागात असला, आणि सुधारणेची आशा मावळली, की हा प्रश्न येतोच. ऐकणाऱ्याला तो हार मानल्यासारखा वाटतो. घरच्यांच्या लेखी मात्र आपल्या घरात, आपल्या माणसांत, तोंडात गंगाजल-तुळशीपत्र पडून जाणे हेच चांगले मरण. मुस्लिम घरात त्या वेळी कानाशी कलमा म्हटला जातो, चेहरा किब्ल्याकडे केला जातो.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी औषध, अन्न व पाणी नाकारले आणि १५ नोव्हेंबरला, ८७व्या वर्षी देह ठेवला. वैद्यकाच्या भाषेत हा उपचारांना नकार. अनुयायांच्या भाषेत प्रायोपवेशन.

सामान्य घरात रुग्ण बोलू शकत नसतो, आणि अडते ते जेवणावर. ‘उपाशी कसं ठेवायचं?’ आपल्याकडे माया ताटातून दिसते, म्हणून हे बोचते. पण अखेरच्या दिवसांत शरीराची भूकच मंदावते. बळेच भरवलेला घास किंवा चमच्याने ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. गंगाजल द्यायचे तर ओल्या कापसाने ओठ व जीभ ओली करावी. विधीही होतो आणि कोरड पडलेल्या तोंडाला आरामही मिळतो. भुईवर घ्यायचे असेल आणि धाप लागलेली असेल, तर पाठीशी उशा लावून डोके उंच ठेवावे.

वेदनेचे तसे नाही. ती सोसण्यात पुण्य मानू नये. मॉर्फिन योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित आहे, आणि ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला.

आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली; २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. (आमच्याकडे मृत्युपत्राचे नाव काढले तरी ‘शुभ बोल’ म्हणतात, हे खरेच.)

घरी न्यायचे ठरलेच, तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री दुखू लागले तर कोणते औषध, फोन कोणाला करायचा, आणि मृत्यूचे कारण लिहून देणारा गावातला डॉक्टर कोण.