पृथ्वीच्या अंगावरील घाव

मेहकर ते सिंदखेडराजा या मार्गावर सुलतानपूर येथे लोणारकडे जाणारा फाटा फुटतो. त्या रस्त्याने गेले असता काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे १५० मीटर खोल असे वर्तुळाकार विवर दिसते. आपण त्याला सरोवर म्हणतो. भूशास्त्रात मात्र अशा स्थळांसाठी एक निराळाच इंग्रजी शब्द आहे : ॲस्ट्रोब्लेम.

अमेरिकन भूशास्त्रज्ञ रॉबर्ट डिएट्झ यांनी १९६० च्या सुमारास तो रूढ केला. ग्रीक भाषेत ‘ॲस्ट्रॉन’ म्हणजे तारा आणि ‘ब्लेमा’ म्हणजे फेकलेले अस्त्र किंवा त्याने झालेली जखम. ताऱ्याने केलेला घाव, हा त्याचा सरळ अर्थ. ‘ब्लेमा’च्या मुळाशी ‘फेकणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. आपल्या पेढीवर दिवसातून दहादा उच्चारला जाणारा ‘प्रॉब्लेम’ हा शब्दही त्याच कुळातला; पुढ्यात येऊन पडलेली गोष्ट, असा त्याचा मूळ अर्थ.

लोणारला हे नाव सहज लाभले नाही. दीर्घकाळ अनेक अभ्यासक या विवराचा संबंध ज्वालामुखीशी जोडत असत. पुढे विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन खडकांचे नमुने काढण्यात आले. त्यांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारा मॅस्केलिनाइट हा काचसदृश पदार्थ आढळला. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि घाव आकाशातून आल्याचे निश्चित झाले. तो केव्हाचा, याविषयी मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने त्याचे वय सुमारे ५० हजार वर्षे येते, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार.

विशेष म्हणजे लोकमानसाने ही जखम आधीच ओळखली होती. विष्णूने लवणासुराचा वध केला, सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त आणि खार म्हणजे त्याचे मांस, अशी येथील आख्यायिका आहे. त्या खाराची नोंद ‘ऐन-इ-अकबरी’तही सापडते.

मराठीत जखम बरी झाल्यावर मागे उरणाऱ्या खुणेला व्रण म्हणतात. लोणार हा तसाच व्रण आहे. २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. केवळ ‘सरोवर’ म्हटले की दृष्टी पाण्यापुरती राहते. ‘घाव’ म्हटले की तो जपण्याची जबाबदारीही आठवते. काठावरच्या वस्तीचे सांडपाणी त्यात उतरू न देणे, हा त्या जबाबदारीचा पहिला हप्ता होय.