आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो तेव्हा

घरच्या कॉम्प्युटरला माइक जोडला, हेडफोन चढवला, तबल्याचा ट्रॅक लावून गायला सुरुवात केली, की अनेकांना पहिल्या कडव्यातच घाम फुटतो. मैफलीत बिनचूक समेवर येणारा गळा इथे रेंगाळू लागतो. शब्द ओढले जातात, तान अडखळते. गायक स्वतःलाच दोष देतो, रियाज कमी पडला म्हणतो आणि आणखी जोर लावून गातो. तासाभराने गळा बसतो, रेकॉर्डिंग मात्र झालेले नसते. यात पुष्कळदा दोष ना गळ्याचा असतो ना लयीचा. हेडफोनमधला स्वतःचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा येत असतो, एवढेच.

गाताना मेंदू गळ्याला नुसती आज्ञा देऊन थांबत नाही. निघालेला सूर कानाने ऐकून तो पुढचा सूर सतत सावरत असतो. ही साखळी किती नाजूक आहे, हे अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी 1950 मध्ये दाखवून दिले. माणसाला त्याचाच आवाज टेपवरून किंचित उशिरा ऐकवला, तर चांगला बोलणाराही अडखळतो, अक्षरे पुन्हा पुन्हा उच्चारतो, स्वर लांबवतो आणि आवाज चढवतो. सर्वात जास्त गोंधळ उडतो तो साधारण 200 मिलिसेकंदांच्या उशिराला. याच तत्त्वावर बोलणाऱ्याचे तोंड बंद करणारे यंत्र बनवणाऱ्या दोन जपानी संशोधकांना 2012 मध्ये ‘इग नोबेल’ हे गमतीदार पारितोषिक मिळाले. उलट, तोतरेपणा असलेल्या काही जणांना असाच उशिरा ऐकवलेला आवाज सलग बोलायला मदत करतो. मात्र सगळ्यांनाच त्याचा उपयोग होत नाही.

कॉम्प्युटरमध्ये हा उशीर येतो कुठून? माइकमधला आवाज आकड्यांमध्ये बदलतो, सेकंदाला बहुधा 44,100 आकडे. हे आकडे एकेक करून पुढे जात नाहीत. वडापची जीप जशी सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसा ठरावीक आकड्यांचा गठ्ठा भरला की तो पुढे सरकतो. या गठ्ठ्याला ‘बफर’ म्हणतात. 256 आकड्यांचा बफर भरायला सुमारे 6 मिलिसेकंद लागतात, 1024 चा असेल तर 23. जाताना एक जीप आणि येताना दुसरी, म्हणजे उशीर दुप्पट. शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करण्यातही थोडा वेळ जातोच. बफर लहान केला की उशीर घटतो, पण फेऱ्या वाढतात. प्रोसेसरला त्या झेपल्या नाहीत तर आवाजात टकटक आणि चरचर सुरू होते.

थोडा उशीर निसर्गातही असतोच. ध्वनी एका मिलिसेकंदात जेमतेम 34 सेंटिमीटर जातो, त्यामुळे दोन मीटरवर बसलेल्या तबलजीची थाप गायकाला सुमारे 6 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. मग स्वतःच्या आवाजाच्या बाबतीत एवढे अडते का? कारण गायकाचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच्या कानात आधीच पोहोचलेला असतो. त्यावर हेडफोनमधला उशिराचा आवाज चढला, की काही कंपने एकमेकांना खोडतात आणि मोजक्या मिलिसेकंदांतही सूर पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. उशीर आणखी वाढला, की लयच हातची जाते. मिनिटाला 180 मात्रांच्या लयीत मात्रेला चार बोल घेतले, तर एका बोलाच्या वाट्याला 83 मिलिसेकंद येतात. त्यात बफरचे 46 मिलिसेकंद म्हणजे अर्ध्याहून अधिक बोल मागे. कीबोर्ड वाजवणाऱ्याला यातले बरेच चालवून घेता येते, गायकाला नाही.

सर्वात मोठा गुन्हेगार मात्र ब्लूटूथ इअरफोन. त्याचा उशीर अनेकदा शंभर ते दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असतो, म्हणजे ली यांच्या प्रयोगातल्या सर्वात त्रासदायक टप्प्याकडे सरकणारा. गाणी ऐकायला तो उत्तम, पण गाताना वायरचाच हेडफोन हवा.

नीट ऐकू येत नाही म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत नेणे हा तर दुहेरी तोटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण 90 डेसिबलचा फक्त 4 तास. रात्र रात्र रेकॉर्डिंग करणाऱ्या हौशी मंडळींची ही मर्यादा आठवडा संपायच्या आत संपू शकते.

सर्वात सोपा उपाय बहुतेक ऑडिओ इंटरफेसवरच असतो. ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’चे बटण दाबले की माइकचा आवाज कॉम्प्युटरची फेरी न करता थेट हेडफोनमध्ये येतो. मग सॉफ्टवेअरमधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करायला विसरू नये, नाहीतर एकाच गळ्यातून दोन जण गातात. बटण नसेल तर रेकॉर्डिंगपुरता बफर 128 किंवा 64 वर आणावा, जड इफेक्ट काढून ठेवावेत आणि मिक्सिंगच्या वेळी बफर पुन्हा वाढवावा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा ‘एएसआयओ’ ड्रायव्हर टाकला की बराच फरक पडतो.

आणि यातले काहीच जमले नाही, तर स्टुडिओतल्या गायकांची जुनी सवय आहेच: एक कान हेडफोनमध्ये, दुसरा मोकळा. त्या वेळी सॉफ्टवेअरमधून येणारा स्वतःचा आवाज पूर्ण बंद करावा आणि तबला तेवढा ऐकावा. मोकळ्या कानाकडचा हेडफोन गालावर किंवा डोक्यावर दाबून धरावा, म्हणजे त्यातला तबला माइकमध्ये शिरत नाही.