घडीच्या पडद्यावरची फुले

जपानी घरातल्या घडीच्या पडद्याला ब्योबु म्हणतात. लाकडी पट्ट्यांची जाळी, तिच्यावर कागदाचे थर, कडेला लाखेची चौकट. अशी दोन, चार किंवा सहा पाने जोडली की पडदा उभा राहतो. सहापानी पडदे बहुधा जोडीने करत आणि चित्र उजवीकडून डावीकडे पाहत. वारा अडवणे आणि दालनात आडोसा करणे हे त्याचे मूळ काम.

ही वस्तू चीन-कोरियाकडून आली. नारा शहरातल्या शोसोइन भांडारात ८व्या शतकातला, झाडाखाली उभ्या स्त्रियांचा सहापानी पडदा आजही आहे. त्या काळी पाने दोऱ्यांनी किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधत आणि प्रत्येक पानाला वेगळी किनार असल्याने चित्र तुटत असे. १४व्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागऱ्या आल्या, मधल्या किनारी गेल्या आणि एकच फांदी सहाही पानांवर पसरू लागली. मात्र उभा पडदा नागमोडीच राहतो. कोणते पान पुढे येईल, कोणते मागे जाईल, हे धरूनच फुलांची जागा ठरवावी लागते. छापील पुस्तकातल्या सपाट चित्रात ही करामत कळत नाही.

चित्रातला निळा रंग अ‍ॅझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा. खनिज जाडसर दळले तर रंग गडद, बारीक दळले तर फिका. ही पूड सरसात कालवतात. पांढरा रंग शिंपल्यांच्या पुडीचा; त्याचेच थर चढवून शेवंतीच्या पाकळ्यांना उठाव देतात. मागे सोन्याचा चौकोनी वर्ख, ज्याचे जोड जवळून दिसतात. अंधाऱ्या दालनात हे सोने मिळेल तेवढा उजेड परत फेकते.

१६व्या शतकाच्या अखेरीस हे पडदे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरूनही गेले. पोर्तुगिजांचा जपान-व्यापार गोव्याहून मकावमार्गे चाले. जपानी सरदार ओदा नोबुनागाने जेझुइट धर्मप्रचारकांना दिलेले अझुची किल्ल्याचे पडदे १५८२मध्ये निघालेल्या जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर गोव्यामार्गे रोमला गेले आणि १५८५मध्ये पोपला भेट मिळाले. पुढे ते हरवले.

फुलांच्या पडद्यांचे शिखर म्हणजे ओगाता कोरिन (१६५८–१७१६). त्याच्या ‘आयरिस’ पडद्यांचा विषय ‘इसेच्या कथा’ या जुन्या जपानी ग्रंथातल्या प्रसंगातून आला आहे, पण माणसे नाहीत, पूल नाही, पाणीही रंगवलेले नाही. सोन्यावर फक्त निळी फुले आणि हिरवी पाती. काही झुपके तंतोतंत सारखे आहेत, आणि त्या पुनरावृत्तीनेच चित्राला लय आली आहे.

शंभर वर्षांनी साकाइ होइत्सू (१७६१–१८२९) याने त्याला दिलेले उत्तर अधिक हृद्य आहे. कोरिनच्या एका जोडपडद्यावर वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव होते. होइत्सूने १८२१च्या सुमारास त्याच पडद्यांच्या पाठीवर, चांदीच्या वर्खावर, गवतफुले रंगवली: मेघगर्जनेच्या देवामागे पावसाच्या सरीने वाकलेला उन्हाळी झाडोरा, वायुदेवाच्या मागे वाऱ्याने झोडपलेली शरदातली पाती आणि उडणारी तांबडी पाने. पुढच्या बाजूला देव, मागच्या बाजूला त्यांनी केलेले हवामान. पडद्याला दोन बाजू असतात या साध्या गोष्टीचा इतका सखोल उपयोग क्वचितच झाला असेल.

जतनासाठी या दोन बाजू आता सोडवून वेगवेगळ्या बसवल्या आहेत. दोन्ही टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ‘आयरिस’ त्याच शहरातल्या नेझू संग्रहालयात आहे आणि बहुधा वसंतात, फुलांच्या हंगामात, थोड्याच दिवसांसाठी मांडले जाते.