आधी कागदावर, मग पडद्यावर

'तुंबाड'मधली म्हातारी आधी ऐकू येते, दिसते नंतर. बंद दाराआडचा घोरण्याचा आवाज आणि तिला खाऊ घालायला निघालेल्या आईच्या चेहऱ्यावरची धास्ती, एवढ्या भांडवलावर दिग्दर्शक आपल्याला बराच वेळ खिळवून ठेवतो. म्हातारीला जाग आली तर उपाय एकच, हस्तर या भुकेल्या दैवताचं नाव घ्यायचं. नाव कानावर पडलं की ती झोपते. मग एका रात्री धाकट्या मुलाला अपघात होतो, आई त्याला घेऊन निघून जाते आणि म्हातारीला जेवू घालायचं काम पोरसवदा विनायकच्या गळ्यात पडतं. ती जागी होते, आणि नेमकं त्याच वेळी पोराला नाव आठवत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा या जागी माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात ते नाव घेतलं. पोराला सांगायलाच जणू. नाव सगळ्या थिएटरला ठाऊक होतं, फक्त त्या पोराच्या ओठावर येत नव्हतं. हे यश मेकअपचं किंवा कॅमेऱ्याचं आहेच. पण त्याआधी ते पटकथेचं आहे. नियम वेळेवर सांगितला होता, साध्या शब्दांत सांगितला होता, म्हणून तो मोडायला आला तेव्हा आपण घाबरलो.

हा सिनेमा लिहिणारा आणि दिग्दर्शित करणारा राही अनिल बर्वे हा 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा मुलगा. 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्याला भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. ती डोक्यातून जाईना. 1997 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने पहिला खर्डा लिहिला. पुढे 2008 मध्ये 'मांजा' हा लघुपट केला. तो डॅनी बॉयलना इतका आवडला की 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ब्लू-रे डिस्कवर त्यांनी तो घेतला. एवढं कौतुक होऊनही 'तुंबाड'साठी पैसा उभा राहत नव्हता. निर्माते येत होते, माघार घेत होते. त्या काळात बर्वेने सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. म्हणजे चौकटी आखून शॉटमागून शॉट, अख्खा सिनेमा कागदावर. पैसे नसलेल्या दिग्दर्शकाला सिनेमा करायचा दुसरा मार्ग नसतो, आणि माझ्या मते भयपटाला याहून चांगला मार्गही नाही.

कारण भीती अंदाजपंचे होत नाही. हस्तरची सगळी व्यवस्था पाहा. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळायचं राहिलं, म्हणून तो कायमचा भुकेला. त्याला खायला पिठाची बाहुली द्यायची, तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा उचलायच्या आणि पळायचं. पिठाच्या रिंगणात आहोत तोवर तो शिवत नाही. बस, एवढंच. दुसरा मंत्र नाही, मांत्रिक नाही. या दोन-तीन नियमांवर 1918 ते 1947 एवढा काळ उभा राहतो, आणि शेवटचा अनर्थही त्यातूनच येतो. विनायक आणि त्याचा मुलगा एकीऐवजी ढीगभर बाहुल्या घेऊन हस्तरकडे उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर. नियम तोच आहे, हाव तेवढी वाढली आहे. पटकथा लिहिणाऱ्या कुणालाही मी हा प्रसंग कागद-पेन घेऊन पाहायला सांगेन.

आता पाऊस. हस्तरची पूजा केली म्हणून देव कोपले आणि तुंबाडवर पाऊस थांबेना, अशी कथेतली अट. ही अट लिहायला सोपी, निभवायला महाकठीण. महाबळेश्वर, सासवडचा वाडा, खुद्द तुंबाड अशा ठिकाणी खऱ्या पावसाळ्यात चित्रीकरण झालं. पंकज कुमार यांच्या छायालेखनात त्याचा परिणाम नीट न्याहाळता येतो. भर दुपारीही सावली पडत नाही. दगडी भिंतींवरचं शेवाळ, ओल धरलेलं लाकूड, अंगाला चिकटलेलं धोतर, सगळं एकाच राखाडी उजेडात. सह्याद्रीतला आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला हा उजेड लगेच ओळखू येतो. असा उजेड एका आभाळाखालून दुसऱ्या आभाळाखाली जुळवत नेणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याची वाट पाहणं. 2012 मध्ये चित्रीकरण झालं, संकलन झालं, आणि काहीतरी कमी आहे असं ठरवून पुन्हा लेखन आणि पुन्हा चित्रीकरण. ते मे 2015 मध्ये संपलं. त्यानंतर व्हीएफएक्स, ध्वनी. निर्माता आणि नायक सोहम शाह एवढी वर्षं पाठीशी उभा राहिला, त्याचं मोल फार मोठं आहे. सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, आनंद गांधी, मितेश शाह हे लेखनातले सोबती.

सिनेमातली एक फ्रेम मला कधीच विसरता येणार नाही. मोठा झालेला विनायक वाड्यात परततो, तेव्हा म्हातारीच्या देहातून झाड उगवलेलं असतं आणि तरीही ती जिवंत असते. ती भूमिका प्रॉस्थेटिक रंगभूषेखाली मोहम्मद समदने केली आहे, ज्याने विनायकचा मुलगा पांडुरंगही साकारला. एकाच मुलाच्या अंगी घराण्याची हाव दोन टोकांना दिसते. माहीत नसलं तरी बिघडत नाही, माहीत झालं की अंगावर काटा येतो.

2018 मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात या सिनेमाने झाली; तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. 12 ऑक्टोबरला तो आपल्याकडे लागला आणि बेताचाच चालला. सहा वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. गोष्ट मराठी, भूमी मराठी, नावही श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून सुचलेलं, आणि सिनेमा मात्र हिंदीत. याचं मला वाईट वाटतं, पण दोष बर्वेचा नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं आजही वाचायला मिळतात. मराठी निर्मात्यांनी ती वाचावीत, त्यातली एखादी गोष्ट चांगल्या लेखकाच्या हाती द्यावी, आणि कृपा करून त्याच्याकडे पुढच्याच महिन्याची शूटिंगची तारीख मागू नये.