पाण्याचा दट्ट्या

मंडळाच्या गणेशोत्सवात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "आपण काय करता?" "पेपर मिलमध्ये पंप बघतो," असं आम्ही म्हटलं की समोरचे गृहस्थ "अरे वा!" म्हणून बटाटेवड्याकडे वळतात. म्हणून ठरवलं, एकदा लिहूनच टाकावं.

लहानपणी पाण्याची बादली आपण सगळ्यांनीच गरगर फिरवली आहे. बादली उलटी झाली तरी पाणी सांडत नाही, बुडाला चिकटून राहतं. लिक्विड रिंग पंपाचं मूळ एवढंच. एक गोल डबा, त्यात थोडं पाणी आणि आत पात्यांचं चाक. चाक मात्र मध्यावर न बसवता जरा एका बाजूला सरकवलेलं. ते फिरलं की पाणी कडेला फेकलं जातं आणि डब्याच्या भिंतीलगत पाण्याचं कडं तयार होतं. चाक आडबाजूला असल्यामुळे दोन पात्यांमधली पोकळी अर्ध्या फेरीत मोठी होते, उरलेल्या अर्ध्या फेरीत लहान. मोठी होताना हवा आत ओढली जाते, लहान होताना दाबून बाहेर जाते. म्हणजे दट्ट्याचं काम पाणी करतं! ओढण्यासाठी वापरला तर हा व्हॅक्यूम पंप, दाबण्यासाठी वापरला तर कॉम्प्रेसर. अमेरिकेत लुईस नॅश यांनी १९०५ साली कंपनी काढून हे यंत्र नावारूपाला आणलं.

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, हे आठवत असेल. इथे ती उष्णता पाणीच शोषून घेतं. म्हणून ॲसिटिलीनसारखा स्फोटक वायू दाबायला हे यंत्र सोयीचं. क्लोरीनसाठी पाण्याऐवजी तीव्र सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. ओलसर क्लोरीन लोखंड खाऊन टाकतो, आणि हे ॲसिड ओलावा शोषतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत रस कमी दाबाखाली आटवतात, म्हणजे साखर करपत नाही. तिथली हवा काढायलाही हेच पंप कामी येतात.

कॅनडात त्यांचं माहेर म्हणजे कागदाची गिरणी. यंत्राच्या जाळीवर लगदा पडतो तेव्हा त्यात शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणीच असतं. ते सगळं तापवून उडवायचं म्हटलं तर गिरणीचं दिवाळं निघेल. श्रीखंडासाठी आपण दही आटवत नाही, फडक्यात टांगतो. तसंच इथे आधी पाणी निथळू देतात, मग व्हॅक्यूमने ओढतात, मग रोलमध्ये पिळतात आणि शेवटी वाफेवर वाळवतात. ओढलेल्या हवेबरोबर पाणी आणि थोडे तंतूही येतात. दुसरा पंप कुरकुरेल, हा निमूटपणे गिळतो.

एका उन्हाळ्यात एका गिरणीत कागद सारखा तुटू लागला. फेल्ट बदलले, पंप उघडून पाहिले, सगळं ठाकठीक. शेवटी आम्ही पंपाच्या पाण्याच्या पाइपावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला! पाणी वाचवण्यासाठी तेच पाणी फिरवलं जात होतं आणि ते थंड करणारा कूलर तंतूंनी तुंबला होता. पंधरा अंशांचं पाणी सुमारे १७ मिलिबार दाबाला उकळू लागतं, चाळीस अंशांचं सुमारे ७४ ला. पाणी तापलं की पोकळीत त्याचीच वाफ भरते, मग हवेला जागा कुठली? कूलर साफ केला, कागद चालू लागला.

या यंत्राचा दोष म्हणजे वीज. पाणी घुसळण्यातच बरीच शक्ती जाते. म्हणून काही गिरण्यांनी त्याजागी टर्बो ब्लोअर बसवले आहेत. वृत्तपत्री कागदाची मागणी घटत असताना विजेचं बिल म्हणजे काही किरकोळ बाब नव्हे. ब्रिटिश कोलंबियातली पॉवेल रिव्हरची गिरणी १९१२ पासून असा कागद काढत होती. ती २०२१ अखेर थांबली आणि २०२३ मध्ये कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं. अशा गावात गिरणी थांबली की दुकानं, शाळा, घरांच्या किमती, सगळंच डळमळतं. म्हणून आम्ही कूलर साफ आहे ना, हे दर महिन्याला तपासायला सांगतो. कुणाला ते कटकटीचं वाटतं, पण सांगतोच.

मुलांना हे समजवायचं असेल तर बादलीचा प्रयोग जरूर करा. मात्र अंगणात, आणि जुलै महिन्यात!